एक्क्याऐंशी पाकळ्या

गंजगोलाईत चार दुकानं पालथी घातली चिकट तांदळासाठी.
"चिकट?" बसय्या वाणी दुखावल्यागत म्हणाला,
"बाई, आपल्याकडं दाणा न् दाणा सुटा होतो. शिजवून बघा."
रुईनं मोबाईल पुढं केला.
त्यातली बाई मराठीत म्हणाली,
"आजची रात्र सर्वात लांब आहे. गोळे पाहिजेत."

खरं नाव रुईलान.
सोयाबीनच्या तेलगिरणीत नवं मशीन बसवायला आलेली,
चार गड्यांत एकटी बाई, पाचही डबे माझ्याकडचे.
नणंदबाईंनी पहिल्याच दिवशी तिची रुई केली.
मारुतीला वाहतात ती.

शेवटी आंबेमोहोराचं पीठ.
पहिला घाणा उकळत्या पाण्यात फुटला,
काळे तीळ, गूळ, सगळं वर आलं.
ती पातेल्यात बघत उभी.
मग मी परात ओढली, उकड काढली,
तुपाचा हात लावून मळून दिली.
तिनं पारी धरली
आणि मी बघतच राहिले, अगं ही तर मोदकाची बोटं!
फक्त कळ्या न पाडता तोंड मिटलं,
तळहातात दोनदा फिरवलं, झालं.

आल्याच्या गुळवणीत गोळे तरंगले.
"एक खाल्ला की वय एक वर्षानं वाढतं," मोबाईल म्हणाला.
"मग मला अर्धाच," नणंदबाई.
एक गोळा रुईनं दाराच्या चौकटीला चिकटवला.
मुंग्या होतील, हे माझ्या ओठावर आलेलं.
गिळलं.

दुसऱ्या दिवशी आमची येळवस.
टेम्पोत आंबिलाची बिंदगी तिच्याच मांडीवर,
तावरजाच्या काठापर्यंत एक थेंब सांडला नाही.
कडब्याची कोप, आत चुना लावलेले पाच दगड.
पांडव म्हटल्यावर मोबाईल काय बोलला कुणास ठाऊक,
तिनं पाचांनाही वाकून, नाव विचारल्यासारखा नमस्कार केला.
भज्जी तीनदा घेतली.
बाजरीचा उंडा फोडून आत शोधत राहिली.
"आत काय?"
"आत बाजरीच."
खूप हसली. का, ते सांगता आलं नाही तिला.

दाजी आंबील शिंपत रानाभोवती पळाले, ओलगे ओलगे करत.
अर्थ विचारला तिनं.
आम्ही एकमेकांकडं बघितलं.
कानडी असंल, कुणी म्हणालं. जुनं असंल.
मोबाईलही गप्प.
मला बरं वाटलं, सगळेच एका बाकावर आलो.

तिची आई दक्षिणेकडची, गोळे करणारी.
बाप उत्तरेचा, थंडी मोजणारा.
बापाचं झाड तिनं खानावळीच्या भिंतीवर टाचलं
दुधाच्या हिशोबाशेजारी:
एक फांदी, नऊ फुलं, फुलाला नऊ पाकळ्या.
रोज एक रंगवायची, सगळ्या भरल्या की थंडी सरली.
"नऊ नवे एक्क्याऐंशी," मन्मथ ओरडला,
पाढा पहिल्यांदा उपयोगी पडला पोराच्या.

पण लातूरची थंडी ती!
तिसावी पाकळी, स्वेटर ट्रंकेत.
पन्नासावी, मी पंख्याची पाती पुसली.
अठ्ठावन्नाव्या दिवशी मशीन नीट चाललं
आणि पाचही डबे एकदम बंद झाले.
जाताना कारळ्याची चटणी दिली, दोन पुड्या.
तिनं लाल पेन्सिल सुतळीनं खिळ्याला बांधली,
मन्मथकडं बघून एक बोट वर केलं.
रोज एक.

उरलेल्या तेवीस त्यानं भरल्या,
घामेजल्या हातानं, शाळेला जाता जाता.
दोन रेषेबाहेर गेल्यात.
फोटो पाठवला. उत्तरात नुसता अंगठा आला,
मग रात्री उशिरा
एका म्हाताऱ्या माणसाचा फोटो, हातात चटणीची पुडी, डोळ्यांत पाणी.
तिखटानं असंल.

पाडव्याला घर झाडताना
चौकटीवरचा गोळा काढायला स्टुलावर चढले.
खडा झालेला. मुंगी एक नाही.
आणि त्याला कुणीतरी
हळदकुंकू लावलेलं.
नणंदबाई खालून म्हणाल्या,
"असू दे की. काय खायला मागतंय?"